नमद्याची भाकरी

नमदा कात्रीने कापत नाहीत. कात्री त्याला नुसती चावत बसते आणि कड सुटते. नमदा फळीवर पसरायचा, ताटली उपडी ठेवून खडूने गोल काढायचा आणि चामडं कापायची रापी अंगाचा भार देऊन एका दमात फिरवायची. मध्ये थांबलं की भाकरीला दात येतात. हे मला माझ्या यजमानांनी शिकवलं, पण माझ्या हाताला ते कधी जमलं नाही. एवढं आधीच सांगून टाकते. मागाहून सांगायला गेले तर परत धीर व्हायचा नाही.

मी तिसरी पास. तीही मास्तरांच्या दयेने. परीक्षेच्या तोंडावर आई गेली, धाकट्या दोघांना बघायला कुणी नव्हतं, तेव्हा मास्तर आमच्या पडवीत येऊन वडलांना म्हणाले, "पोरगी हुशार आहे हो. मी पास लिहून टाकतो." त्या शब्दाचे उपकार मी जन्मभर वागवले. संगमेश्वराकडचं आमचं गाव. तिथून लग्न होऊन आले ती थेट ग्वाल्हेरला. सासरचे लोक चार पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेले. बोलायचे मराठीच, पण माझ्या कानाला ती निराळी लागायची. "काय करून राहिलीस?" "ठेवून दे ना, होऊन जाईल." मी तोंड उघडलं की दौलतगंजातल्या आमच्या आळीच्या बायका पदराआड हसायच्या. "बघा बघा, कोकण बोललं!" मग मी बोलणंच कमी केलं.

यजमान संस्थानाच्या रिसाल्यात स्वार होते. एका अबलख घोडीने त्यांना पाडलं आणि उजवा पाय गुडघ्यात कायमचा आखडला. तेव्हापासून ते जीनखान्यात खोगिरं आणि लगाम शिवायला बसू लागले. नमदे त्यांच्याच हाताखालून जात. नमदा म्हणजे खोगिराखाली घोड्याच्या पाठीवर घालायची लोकरीची जाड घडी. ती विणलेली नसते. लोकर भिजवून, रगडून, दाबून तिचंच कापड होतं. यजमान म्हणायचे, "खोगीर लोकांना दिसतं. घोड्याला फक्त नमदा कळतो."

संस्थान विलीन झालं तेव्हा आम्हाला वाटलं, जे व्हायचं ते वर होईल, खाली आपल्याला काय. पण मग एकेक खातं नव्या सरकारात जाऊ लागलं. घोड्यांचा लिलाव झाला. धडधाकट स्वार नव्या फौजेत गेले. आखडलेल्या पायाचा माणूस कुणाच्या यादीत बसेना. जीनखाना रिकामा करताना जुने नमदे कुणी उचलले नाहीत, तेव्हा साहेबाला विचारून यजमान ते टांग्यात घालून घरी घेऊन आले. आमच्या एका खोलीत घोड्यांचा वास भरला. त्या ढिगावर ते भिंतीला टेकून बसत. सकाळी बसलेले संध्याकाळी तसेच दिसत. मी विचारायची, "अहो, चहा करू?" तर म्हणत, "करून टाक." एवढंच.

मी तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका बालवर्गात मदतनीस होते. मुलांची नाकं पुसायची, सतरंज्या झटकायच्या, पाणी भरायचं. वर्गाच्या मोठ्या बाई दरबारी घराण्यातल्या, लहानपणीच विधवा झालेल्या, बाहेरगावी राहून बालशिक्षण शिकून आलेल्या. मला लांबून हाक मारत नसत. काम असलं की उठून माझ्याजवळ येत. असं मला आजवर कुणी वागवलं नव्हतं. रिकाम्या वेळी त्या मला पाटीवर चौथीचं शिकवत.

बाईंच्या मनात होतं की मुलांनी घर-घर खेळता खेळता मोजायला आणि वाटायला शिकावं. पण धान्य रेशनवर. कणकेच्या पोळ्या करून खेळणं म्हणजे पाप, शिवाय मुंग्या. मातीच्या केल्या त्या आठवड्यात फुटल्या. बाई म्हणाल्या, "मुलाला भाकरी वाटता आली की गणित आलं, बघ. पण न मोडणारी भाकरी आणायची कुठून?"

मी म्हटलं, "बाई, आमच्या घरी नमदे पडून आहेत."

यजमानांना विचारलं तर ते भडकले. "पागेचा नमदा आता पोरांच्या ताटात वाढणार? झालं तर मग!" पण दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर फळीवर एक भाकरी होती. काठ एकसारखा, मध्ये चटका लागल्यासारखा तपकिरी डाग. नमद्याचा तो भाग खोगिराखाली घासून तसा झाला होता. मला म्हणाले, "घे. गरम आहे, हात भाजेल." कित्येक दिवसांनी त्यांनी थट्टा केली होती.

मग रोज काही ना काही होऊ लागलं. दोन चकत्यांमध्ये कापूस भरून पुरी फुगवली. करंजीची कड त्यांनी खोगिराचे तंग-पट्टे शिवायच्या मेणदोऱ्याने अशी मुडपली की कुठली सुगरण तशी मुरड घालेल. लांब पट्टी गुंडाळून जिलबी. हिरव्या मिरच्या, लिंबाची फोड. कापणं आणि शिवणं त्यांचं. जाड नमद्यातून सुई रेटायला माझी बोटं पुरत नसत, दोनदा सुई नखाखाली गेली. कापूस भरणं आणि रंग देणं माझं. पुऱ्यांना आणि वरणाच्या वाटीला हळद, चटणीला नीळ नि हळद, जिलबीला चहा आणि हळद. वासही हळदीचा यायचा, घोड्यांच्या वासावर.

मुलांना सगळ्यात आवडायची ती कापलेली भाकरी. यजमानांनी एक भाकरी अर्धी केली, एक चार चतकोरांत, एक आठ नितकोरांत. कितीही मिसळा, चतकोर जोडले की भाकरी अख्खी. रापीची धार अशी चालली होती की सांधा शोधावा लागे. अर्धा-पाव शिकायच्या आत माझी शाळा सुटली होती. पण चतकोर-नितकोर मला आईच्या ताटातून येत होतं, तेच मी मुलांना द्यायची. हिंदी बोलणारी मुलंही म्हणायला लागली, "ताई, मुझे चतकोर दो."

मग नव्या शिक्षण खात्याचं पत्र आलं. बालवर्ग शेजारच्या हिंदी प्राथमिक शाळेत सामील होणार. सातवीच्या खाली शिकलेली मदतनीस ठेवायची नाही. मात्र जी बाई शिकवण्याचं साहित्य स्वतःच्या हाताने करते तिला हस्तकलेची सहायिका म्हणून ठेवता येईल. एक अधिकारी येऊन बघणार आणि तिथल्या तिथे ठरवणार.

बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "साहित्य तू केलंस, एवढंच सांगायचं."

"पण शिवण त्यांची आहे, बाई."

"रंग कुणाचा? कापूस कुणी भरला? मुलांना वाटायला कुणी शिकवलं?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "हे बघ, घरच्या माणसाने केलं म्हणालीस तर ते म्हणतील, बाहेरून करून आणलेला माल. तू घरी बसशील. आणि मी तुला वाचवू शकणार नाही."

मी घरी बसले असते तर आम्हा दोघांना ग्वाल्हेरात काही उरलं नसतं. वडलांच्या दारात जायचं तर तिथे भावाचा संसार.

त्याच सुमारास वर्गात एक प्रकार झाला. पुजाऱ्यांच्या घरातला एक मुलगा रडत आला. "ताई, याने माझी पुरी उष्टी केली!"

"उष्टी कशी होईल रे? ती खातात का?"

"तोंड लावलं ना त्याने!"

तोंड लावणारा शिपायाचा मुलगा होता. तो म्हणाला, "मी चव बघितली. मीठ नाही."

आम्ही हसलो. पण दुसऱ्या दिवशी पुजाऱ्यांच्या मुलाची आई दारात उभी. "बाई, पुढेमागे याची मुंज व्हायची. कुणाकुणाचं उष्टं याने तोंडात घालायचं का?"

मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, सोवळ्यात तुम्ही धाबळी नेसता ना? ही पण लोकरच. लोकरीला विटाळ नसतो."

"धाबळीला घोड्याच्या घामाचा वास नसतो! खोगिराखालच्या चिंध्या या. कळतं सगळ्यांना."

"त्याच घोड्यांवर बसून लढाया झाल्या म्हणून तुमच्या देवळात दिवा लागतो, वहिनी. तेव्हा वास नाही आला?"

ती बाई तरातरा निघाली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "अधिकारी येणारेत ना? त्यांनाच विचारते."

बाई मला म्हणाल्या, "घाबरू नकोस. टोपलीभर सगळं उन्हात घाल, वास जाईल." एवढंच त्यांनी सांगितलं होतं. मी तेवढंच केलं असतं तर!

मंगळवारी अधिकारी यायचे. रविवारी मी टोपली घरी आणली आणि मला राहवलं नाही. ऊन कितीसं पुरणार, असं वाटलं. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळवलं, धुण्याचा सोडा ओतला, त्यात सगळं जेवण घातलं, नळावर नेऊन मोगरीने बडवलं, पुन्हा उकळवलं. घोड्याचा, उष्ट्याचा, कुणाकुणाचा काय असेल तो वास पार काढायचा म्हणून मी बडवत होते. पाणी लाल झालं तेव्हा मी थांबले.

हळदीला खार लागला की कुंकू होतं. माझी आई घरी कुंकू करायची, मी तिला खल धरून द्यायची. कोकणातल्या सहा वर्षांच्या पोरीला जे ठाऊक असतं ते मी त्या दिवशी विसरले. पुऱ्या लालभडक झाल्या. वरणाची वाटी रक्ताची दिसायला लागली. आणि नमदा उकळून, बडवून आणखी आटला होता, कुठे जास्त, कुठे कमी. भाकऱ्या जाड, वाकड्या. चार चतकोर जोडले तर मध्ये बोट जाईल एवढी फट.

यजमान दारात येऊन उभे राहिले. पहिल्यांदा ते हसले. खरंच हसले, भिंतीला हात टेकून. "वा! लढाईचं जेवण!" मग त्यांनी वाकून चतकोर उचलले, एकमेकांना लावून बघितले, फिरवले, परत लावले. हसू गेलं.

मी म्हटलं, "आता मला काढून टाकणार."

आमच्याकडचे नमदे संपले होते. एक सोडून. ज्या अबलख घोडीने त्यांचा पाय मोडला तिचा नमदा ते अंथरुणावर घालून निजत. लिलावात ती कुणीतरी टांग्यासाठी घेतली होती. त्या दिवशी ते पागेपर्यंत लंगडत गेले होते आणि न बघताच परत आले होते. तो नमदा त्यांनी उचलला, झटकला आणि फळीवर पसरला.

"अहो, तो नको."

"मग काय, माझं चामडं काढू? खडू दे."

सोमवारी मी वर्गावर गेले. दुपारी परत आले तर आठ भाकऱ्या, चतकोर, नितकोर आणि पुऱ्यांच्या चकत्या ओळीने मांडलेल्या होत्या. त्यांची बोटं सुजली होती. मला म्हणाले, "हळद तू लाव. आणि तो सोडा माझ्या खोलीबाहेर ठेवून ये आधी." करंज्या तेवढ्या राहिल्या होत्या. "त्या मी सकाळी करून शाळेत पोचवतो. तू जा पुढे."

अधिकारी ठरल्याहून लवकर आले. तरुण, दमलेला, सभ्य माणूस. रुमालाने मान पुसत खाली मुलांमध्येच बसला. एका मुलीपुढे भाकरी ठेवून म्हणाला, "घर में चार लोग हैं. सबको बराबर दो." तिने चार चतकोर मांडले. "और आठ आ गए तो?" तिने नितकोर मांडले. मग जरा विचार करून म्हणाली, "पण आठ आले तर आई आणखी करते." तो मोठ्याने हसला. त्याने एक चतकोर हातात घेतला, सांधा जोडून बघितला, काठावरून अंगठा फिरवला.

"यह किसने बनाया?"

मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. त्याच वेळी व्हरांड्यात पाय ओढत येणारी पावलं वाजली. यजमान दारात उभे होते. अंगात जुना खाकी कोट, हातात करंज्यांचा डबा.

मी म्हटलं, "मैंने बनाया, साहब."

तिथे थांबलं असतं तर मी अजूनही मनाला समजावलं असतं, की मी आणि आम्ही यात काय फरक. पण त्याने विचारलं, "अकेले?"

मी यजमानांकडे बघितलं नाही. म्हटलं, "जी. अकेले."

अधिकाऱ्याने वहीत काहीतरी लिहिलं. मग दाराकडे बघून तो यजमानांना म्हणाला, "अरे भाई, डिब्बा इधर रख दो." त्याला वाटलं, शिपाई आहे. यजमानांनी डबा ठेवला, आखडलेला पाय जुळवून ताठ उभे राहिले, सलाम केला आणि गेले. ती तक्रारवाली आई काही आली नाही. मी उगाच तिला भ्यायले होते.

संध्याकाळी घरी आले तर त्यांनी चूल पेटवून ठेवली होती. मी दारातच म्हटलं, "मी उद्या बाईंना सांगते. त्यांना लिहून कळवू दे, तुम्हीच केलं म्हणून."

"वेडी आहेस का? काय कळवणार? की सहायिका खोटारडी आहे?" ते चहा गाळत होते. "अगं, तू नसतं म्हटलंस तर मीच म्हणणार होतो, हिने केलं. नाव एकाचंच लागणार होतं. लागलं. संपून गेलं."

"तुम्हाला वाईट वाटलं."

"डिब्बा रख दो म्हणाला, त्याचं वाटलं. तुझं नाही." कप माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "अकेले म्हणायला तू जरा वेळ लावलास. मी मोजत होतो."

मला कायम केलं. पुढे मराठी वर्ग हिंदीत मिसळून गेला, मोठ्या बाई इंदूरला निघून गेल्या. जाताना त्यांनी मला चौथीचं पुस्तक दिलं. माझी जागा राहिली. संस्थानाचं एक राज्य झालं, मग त्याचं आणखी मोठं राज्य झालं, शाळेची पाटी दोनदा रंगवली, तरी माझी जागा राहिली. देवाचे आणि त्या बाईंचे उपकार आहेत, दुसरं काय म्हणू.

यजमानांना त्यानंतर पुन्हा त्या फळीपुढे बसलेलं मी बघितलं नाही. आता कापायला घरात काही नव्हतंही. पुढच्या पावसाळ्यात त्यांना कुणाकडून तरी कळलं की कानपूरला चामड्याच्या कारखान्यात खोगीर शिवणारे हात घेतात. ट्रंक भरताना त्यांनी विचारलं, "येतेस?"

मी म्हटलं, "सोमवारी शाळा आहे."

ज्या जागेसाठी मी ते बोलले होते ती सोडून कशी जाणार? त्यांनाही ते ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं. आणि मी उत्तर द्यायला या खेपेला जराही वेळ लावला नाही.

दिवाळीला ते यायचे. दुसऱ्या हिवाळ्यात तार आली. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. फुप्फुसं भरली म्हणाले. कारखान्याच्या मागे त्यांची खाट, कोट, ट्रंक होती. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कारागीर उठून उभा राहिला, माझ्यासाठी पाणी आणलं. मी सामान बांधत होते तर तो म्हणाला, "बेटी, तुम वही हो न, स्कूलवाली? वो सबको बताते थे. कहते थे, मेरी घरवाली नमदे की ऐसी रोटी बनाती है, कि जोड़ ढूँढते रह जाओ. अफ़सर तक देखने आए थे."

मी ट्रंकेची दोरी हातात धरून उभी होते.

"अकेले बनाती है, कहते थे," तो म्हणाला. "किसी का हाथ नहीं लगा."

त्याला खरं सांगावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं. पण मग ते खोटे ठरले असते, या चार माणसांत, जिथे त्यांना उस्ताद म्हणत होते. मी मान हलवली. म्हटलं, "जी."